जॅझ-फंकमधला जोर कुठून येतो : जर्मनीतील तरुण बँडांविषयीच्या एका प्रश्नाचे उत्तर

आपल्या प्रश्नाचा आशय मी आधी थोडक्यात मांडतो. कोलोनमध्ये शिकणाऱ्या मुलीकडे गेला असताना आपण तिथल्या एका तरुण जॅझ-फंक बँडचा कार्यक्रम ऐकला. वाजवणारे सात जण, सगळे विशीतले. लय फार जलद नव्हती, आवाजही कानठळ्या बसवणारा नव्हता, तरी दुसऱ्याच गाण्याला लोक उभे राहून नाचू लागले. पुण्याला परतल्यावर ओळखीच्या कॉलेजच्या मुलांचा बँड त्याच धाटणीचे संगीत वाजवताना आपण ऐकलात; सूर बरोबर, ताल बरोबर, पण ऐकणाऱ्याची मान काही हलेना. तेव्हा हा जोर येतो कुठून, या संगीताला जॅझ म्हणायचे की फंक, आणि जर्मन मुलांच्या अंगात ही लय कशी भिनते, असे आपण विचारले आहे. मी बेस गिटार वाजवतो. मुंबईत ऑर्केस्ट्रामध्ये सुरुवात केली आणि पुढची अकरा वर्षे कोलोन आणि आसपासच्या गावांत अशाच बँडांबरोबर काढली. त्यामुळे उत्तर बेसवाल्याच्या बाजूने येईल, हे आधीच सांगून ठेवतो.

जोर वेगातून येत नाही आणि आवाजातूनही येत नाही. प्रत्येक सूर नेमका कुठे संपतो आणि तो संपल्यावर त्या रिकाम्या जागेत कोण हात घालत नाही, यातून तो येतो. आपण ऐकलेल्या गाण्यांची गती बहुधा मिनिटाला ९५ ते ११० ठोक्यांच्या दरम्यान असणार. मिनिटाला १०० ठोके धरले तर एक मात्रा ०.६ सेकंदाची होते आणि चार मात्रांचे आवर्तन २.४ सेकंदांत पुरे होते. फंक वाजवणारा माणूस मनातल्या मनात प्रत्येक मात्रेचे चार भाग करतो, म्हणजे एका आवर्तनात सोळा घरे होतात आणि एकेक घर ०.१५ सेकंदाचे असते. नाचणाऱ्याचे पाय चार मात्रांवर पडतात, पण बँडमधला प्रत्येक जण सोळा घरांचा हिशेब ठेवून असतो. लय संथ आहे आणि तरीही आत काहीतरी भराभर धावते आहे, असे ऐकणाऱ्याला वाटते ते या दोन पातळ्या एकाच वेळी चालू असल्यामुळे.

ड्रमरकडे पाहिले तर हे डोळ्यांना दिसते. स्नेअरचे, म्हणजे मांड्यांमध्ये ठेवलेल्या कडक आवाजाच्या ड्रमचे, मोठे ठोके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतात, ते सगळ्यांना ऐकू येतात. मधल्या घरांमध्ये मात्र त्याचा डावा हात काठी जेमतेम बोटभर उचलून स्नेअरवर हलकेच टेकवत असतो. या ठोक्यांना घोस्ट नोट म्हणतात. मागच्या रांगेत बसलेल्याला ते सुटे ऐकू येत नाहीत, ड्रमच्या खालच्या तारांची नुसती खसखस कानावर येते. पण ड्रमरने ते गाळले की तोच ताल एकदम लाकडासारखा कोरडा वाटू लागतो. अमेरिकी फंक गायक जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड याने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही कला ज्या टोकाला नेली, तिथून पुढे फारसे कोणी गेलेले नाही असे माझे मत आहे, आणि जर्मनीत मला भेटलेल्या प्रत्येक फंक ड्रमरने कधी ना कधी त्याचे ठेके घरी बसून ठोका-ठोका उतरवून काढलेले होते.

आता बेस. बेसचा पहिल्या मात्रेवरचा सूर जोरकस असतो, त्या मात्रेला हे लोक ‘द वन’ म्हणतात आणि सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. तो सूर उचलायचा कधी, हा खरा प्रश्न आहे. उजव्या हाताने तार छेडणे महिनाभरात येते, डाव्या हाताचे बोट तारेवरून सैल करून सूर हव्या त्या घरात तोडायला काही वर्षे जातात. सूर दोन घरे टिकवून तोडला तर पुढची खसखस, गिटारची दाबलेल्या तारांवरची खरखर आणि क्लॅव्हिनेट या विजेवरच्या कीबोर्डची कुरकुर मोकळेपणी ऐकू येते. तोच सूर पुढच्या सुरापर्यंत ओढला तर त्याखाली सगळे झाकले जाते आणि बँड ओल्या कांबळ्यासारखा जड होतो.

हे मला कळले ते फजिती होऊन. कोलोनला गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात एका बँडमध्ये बदली बेसवाला म्हणून वाजवण्याची संधी मिळाली. मुंबईच्या ऑर्केस्ट्रातली माझी सवय अशी की जागा दिसली की काहीतरी भरायचे, कारण तिथे रिकामी जागा म्हणजे चूक समजत असत. पहिला भाग संपल्यावर ट्रॉम्बोनवाला माझ्याजवळ आला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला की पुढच्या गाण्यात पहिली आठ आवर्तने फक्त पहिल्या मात्रेचा सूर वाजवशील का. मला ते अपमानास्पद वाटले, पण पाहुणा होतो म्हणून वाजवले. तिसऱ्या आवर्तनाला समोरच्या रांगेतल्या माणसाचा खांदा हलू लागलेला मी पाहिला. चाळीस मिनिटे मी जीव तोडून वाजवत होतो तेव्हा तोच माणूस हातात ग्लास घेऊन भिंतीला टेकून उभा होता.

आपल्याकडच्या श्रोत्याला समजेल अशी एक तुलना मी नेहमी करतो. स्वतंत्र तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर नगमा चालू असतो. तीच ओळ, तीच लय, तासभर, आणि नगमा धरणारा जराही हलला तर तबलजीचे सगळे काम फुकट जाते. जॅझ-फंकमधला बेस आणि ड्रम यांचा ठेका हा असाच नगमा आहे. फरक एवढा की इथे सातपैकी सहा जण नगमा धरून बसलेले असतात आणि उरलेला एक त्यांच्या भरवशावर मोकळा हिंडतो; काही वेळाने तो परत ओळीत येऊन बसतो आणि दुसरा उठतो. तुलना याहून पुढे ताणण्यात अर्थ नाही, कारण समेवर येण्याची आपली ओढ आणि फंकमधली पहिली मात्रा यांचा स्वभाव निराळा आहे. सम ही गाठायची असते, तर ‘द वन’ दर २.४ सेकंदांनी येऊन धडकतच असते.

जॅझ की फंक, या प्रश्नात मी फार वेळ घालवणार नाही. ठेका फंकचा असतो, कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ, एक किंवा दोनच असतात आणि त्या मिनिटेच्या मिनिटे बदलत नाहीत. त्यांच्यावर जे सोलो घेतले जातात त्यांची भाषा, त्या कॉर्डमध्ये वर चढवलेले नववे-तेरावे सूर आणि वादकांचे एकमेकांना ऐकून उत्तर देणे हे जॅझचे असते. अमेरिकी पियानोवादक हर्बी हॅन्कॉकचा १९७३ चा ‘हेड हंटर्स’ हा अल्बम ऐकला की ही वाटणी लगेच लक्षात येते. सॅक्सोफोनवादक मेसिओ पार्कर याने याचे मिश्रणच सांगून टाकले होते : दोन टक्के जॅझ आणि अठ्ठ्याण्णव टक्के फंक. गंमत अशी की ज्या थेट ध्वनिमुद्रणात हे वाक्य ऐकू येते ते १९९२ साली कोलोनच्याच ‘श्टाटगार्टन’ या सभागृहात झालेले आहे. त्या शहरात मी असताना बँडच्या गाडीत ती सीडी नाही असे क्वचितच झाले असेल.

इथून आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. ही लय जर्मनीत नवी नाही. युद्ध संपल्यानंतर अमेरिकी सैन्य पश्चिम जर्मनीत राहिले आणि त्याच्याबरोबर त्याचे रेडिओ केंद्र एएफएनही राहिले. जर्मन मुले आपल्या घरातल्या रेडिओवर ते ऐकत मोठी झाली. क्लाउस डोल्डिंगर या सॅक्सोफोनवादकाने १९७१ मध्ये ‘पासपोर्ट’ हा बँड उभा केला, आणि जॅझ, रॉक व फंक यांचे जर्मन मिश्रण म्हणून तो अनेक दशके वाजत राहिला. त्याच डोल्डिंगरने ‘टाटओर्ट’ या गुन्हेकथांच्या दूरचित्रवाणी मालिकेचे सुरुवातीचे संगीत केले. ही मालिका १९७० पासून चालू आहे, रविवारी संध्याकाळी अर्धा देश ती बघत बसतो, आणि त्या शीर्षकसंगीतात ड्रम वाजवणारा उडो लिंडेनबर्ग पुढे जर्मन रॉकमधला मोठा तारा झाला. म्हणजे आपण ऐकलेल्या सातही मुलांनी बालपणापासून दर रविवारी आजीच्या शेजारी सोफ्यावर बसून एक धावता बेस आणि तुटक ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी फुंकवाद्ये, ऐकलेले असणार. ‘शिस्तीच्या देशात ही लय कशी’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या सोफ्यावर आहे.

ब्लॅक फॉरेस्टमधल्या फिलिंगन या छोट्या गावातल्या एमपीएस या कंपनीचे नावही घ्यायला हवे. १९६८ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने सत्तरच्या दशकात जॉर्ज ड्यूकसारख्या अमेरिकी कीबोर्डवादकाचे जॅझ-फंकचे अल्बम काढले. या कंपनीची पूर्वज म्हणजे साबा ही रेडिओ बनवणारी कंपनी, आणि तिने १९६७ मध्ये काढलेल्या ‘जॅझ मीट्स इंडिया’ या तबकडीवर इरेन श्वाइत्सरच्या त्रयीबरोबर तबला वाजवला आहे तो मूळच्या मुंबईच्या केशव साठे यांनी. ते फंक नव्हे, आपल्या विषयाशी त्याचा थेट संबंधही नाही, पण ही तबकडी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला जो आनंद झाला तो इथे लपवत नाही.

तरुण जर्मन बँडांपैकी एकच उदाहरण नीट ऐकायचे असेल तर मी ‘पोएट्स ऑफ रिदम’ सांगेन. हा म्युनिकचा बँड. यान आणि माक्स व्हायसेनफेल्ट हे भाऊ त्याच्या केंद्रस्थानी होते, एक गिटारवर, दुसरा ड्रमवर. १९९३ मध्ये त्यांचा ‘प्रॅक्टिस व्हॉट यू प्रीच’ हा पहिला अल्बम आला. त्या काळी सगळीकडे फंक म्हणजे यंत्रावर तयार केलेले ठेके आणि जुन्या तबकड्यांतून कापून घेतलेले तुकडे अशी पद्धत रूढ झाली होती. या मुलांनी तुकडे कापले नाहीत. त्यांनी ते तुकडे ज्या तबकड्यांत होते त्या तबकड्या कशा वाजवल्या गेल्या असतील हे शोधून काढले आणि स्वतः वाजवले. ड्रमचा आवाज कोरडा आणि जवळचा, गिटार पातळ, ब्रास किंचित फाटका. अनोळखी माणसाला हा अल्बम ऐकवला तर तो १९७१ सालचा, अमेरिकेतल्या एखाद्या गावातला आहे असेच तो म्हणेल; मी दोघा-तिघांवर हा प्रयोग करून पाहिला आहे. न्यूयॉर्कच्या ज्या डॅप्टोन कंपनीला जुन्या फंकच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय दिले जाते ती २००१ मधली, म्हणजे म्युनिकची ही मुले त्याच्या बरीच आधी या वाटेवर होती. पुढे या भावांनी ‘व्हाइटफील्ड ब्रदर्स’ या नावानेही संगीत काढले. जर्मनमध्ये ‘व्हाइस’ म्हणजे पांढरा आणि ‘फेल्ट’ म्हणजे शेत, तेव्हा हे नाव म्हणजे त्यांच्या आडनावाचेच इंग्रजी रूप आहे.

त्या अल्बममध्ये काय ऐकावे हेही सांगतो. पहिल्यांदा गाणे ऐकताना फक्त गिटार ऐका. ती बहुतेक वेळ सूर वाजवतच नाही, दाबलेल्या तारांवर सोळा घरांपैकी काही घरे नुसती खरवडते, आणि मग अचानक एका घरात कॉर्ड मोकळी सोडते. ती मोकळी कॉर्ड आणि बेसचा तुटलेला सूर कधीच एकमेकांवर पडत नाहीत. हे आपोआप होत नाही. कोणीतरी बसून ठरवलेले असते.

त्याच म्युनिकमध्ये ट्रॉम्बोनवादक रोमान स्लाडेक याने २०१४ मध्ये ‘जॅझराउश बिगबँड’ हा मोठा जॅझ वाद्यवृंद सुरू केला. तो एका टेक्नो क्लबचा घरचा बँड झाला. संगणकावर जो ठेका वाजायचा तो इथे माणसे फुंकून आणि बडवून वाजवतात. त्यांचा ठोका फंकपेक्षा सरळ आहे, म्हणून त्यांना मी जॅझ-फंकमध्ये धरणार नाही, पण ब्रासचे सूर कापण्याची त्यांची अचूकता प्रत्येक ब्रासवाल्याने एकदा तरी ऐकावी.

या मुलांना हे शिकायला मिळते ते केवळ तबकड्यांतून नव्हे. फ्रँकफर्टच्या होख कॉन्झर्व्हेटरीमध्ये १९२८ मध्येच जॅझचा वर्ग निघाला होता, तो नाझींनी १९३३ मध्ये बंद पाडला. युद्धानंतर संगीत महाविद्यालयांतून जॅझ हळूहळू परत आला. १९८७ मध्ये राष्ट्रीय युवा जॅझ ऑर्केस्ट्रा सुरू झाला आणि पेटर हर्बोल्झहाइमर याने २००६ पर्यंत तो चालवला. हर्बोल्झहाइमरचा स्वतःचा बँड फंकच्या ठेक्यावरच्या बिगबँडसाठी प्रसिद्ध होता, त्यामुळे त्याच्या हाताखालून गेलेल्या पोरांना सूर आखूड ठेवण्याची सवय लागली नसती तरच नवल. शिवाय कोलोन, हॅम्बुर्ग, फ्रँकफर्ट आणि श्टुटगार्ट इथल्या आकाशवाणी केंद्रांचे पगारी बिगबँड आहेत. कोलोनच्या बिगबँडने मेसिओ पार्करबरोबर अल्बमही केला आहे. कॉलेजातल्या मुलाला आपला शिक्षक महिन्याला पगार घेऊन हेच काम करतो हे रोज दिसते, त्याचा परिणाम होतोच. आणखी एक रुक्ष पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे कलाकारांचा सामाजिक विमा. १९८३ पासून चालू असलेल्या या व्यवस्थेत कलाकार आपल्या हप्त्याचा निम्माच भाग भरतो, एकूण हप्त्याचा तीस टक्के भाग कलाकारांना काम देणाऱ्या कंपन्या आणि वीस टक्के सरकार भरते. सात जणांचा बँड पाच वर्षे एकत्र राहतो तो अशा गोष्टींमुळे, आणि पाच वर्षे एकत्र राहिल्याशिवाय आपण ऐकलात तसा ठेका बसत नाही.

आता एक तालीम जवळून दाखवतो. युद्धकाळातले काँक्रीटचे बंकर जर्मनीतल्या अनेक शहरांत अजून उभे आहेत आणि त्यांतल्या खोल्या बँड तालमीसाठी भाड्याने घेतात. भिंती इतक्या जाड की मध्यरात्रीही शेजाऱ्याची तक्रार येत नाही, मात्र आत ओल आणि जुन्या गालिच्यांचा वास. अशा एका खोलीत मी एका तरुण बँडची तालीम ऐकत होतो. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन या तिघांनी एकच ओळ पाऊण तास घासली. ओळीत पाच सूर होते. वादाचा मुद्दा शेवटच्या सुराचा होता : तो चौथ्या मात्रेच्या दुसऱ्या घरात तोडायचा की तिसऱ्या. तिघांनी तो आधी तोंडाने म्हटला, मग टाळी वाजवून, मग हातात वाद्ये घेऊन. ड्रमर त्या वेळी फक्त हाय-हॅट ही झांजांची जोडी वाजवत होता आणि मेट्रोनोम हे लय दाखवणारे यंत्र दोन आवर्तनांत एकदाच टिकटिकत होता, म्हणजे मधले ४.८ सेकंद लय सांभाळण्याची जबाबदारी माणसांवर. शेवटी दुसरे घर ठरले. दोन दिवसांनी कार्यक्रमात त्या जागी ब्रास तुटला, क्षणभर नुसता हाय-हॅट उरला आणि लोकांनी त्या क्षणी आरोळी ठोकली. ती आरोळी पाऊण तासाच्या त्या वादाची कमाई होती.

या बँडांचे दोषही सांगायला हवेत. संगीत महाविद्यालयातून आलेल्या पोरांचे सोलो फार लांबतात. तिसऱ्या मिनिटानंतर वादक श्रोत्यांसाठी न वाजवता आपल्या प्राध्यापकांसाठी वाजवू लागतो. दुसरा दोष ध्वनिमुद्रणातला आहे. ठोके संगणकावर ओढून नेमक्या घरात बसवले की ठेका मरतो, कारण स्नेअर किंचित मागे आणि बेस किंचित पुढे ठेवण्यातच त्याचा जीव असतो. पंधरा-वीस हजारांश सेकंदाची ती फट कानाला वेगळी कळत नाही, शरीराला कळते. रंगमंचावर अंगावर येणारे कितीतरी बँड त्यांच्या सीडीवर पुसून काढल्यासारखे वाटतात ते यामुळे.

पुण्याच्या मुलांना माझे सांगणे एवढेच की नवीन गाणे बसवू नका, आहे तेच घ्या. बेस आणि ड्रम यांनी आठवडाभर बाकीच्यांना खोलीत न घेता तालीम करावी, लय मिनिटाला ८० मात्रांची धरावी, मेट्रोनोम त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ४० वर ठेवावा आणि टिकटिक दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर ऐकावी. बेसवाल्याने प्रत्येक सुराबरोबर तोंडाने ‘दा’ किंवा ‘दत्’ म्हणावे, लांब सुराला ‘दा’, तुटक सुराला ‘दत्’. तोंडाला जे म्हणता येत नाही ते हाताला वाजवता येत नाही. गिटारवाला आला की त्याला कॉर्ड वाजवू देऊ नका, दोन दिवस फक्त दाबलेल्या तारांची खरवड वाजवू द्या. मग फोनवर पाच मिनिटे ध्वनिमुद्रण करा, दुसऱ्या खोलीत फोन ठेवून दार लोटून घ्या आणि बाहेरून ऐका. दाराबाहेर बेस आणि किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, एकाच ठिकाणी ऐकू येत असतील तर ब्रासला बोलवा. नुसती गुणगुण ऐकू येत असेल तर बेसवाल्याचा डावा हात अजून सैल झालेला नाही, आणि मग आणखी एक आठवडा ब्रासवाल्यांनी घरीच थांबावे.